टॉमी जॉनचे कोपर आणि आपली मुले

आज सकाळी मुलाच्या बेसबॉलच्या सरावाला कुंपणाशी उभी असताना शेजारचे एक वडील सहज म्हणाले, "टॉमी जॉन शस्त्रक्रिया केली की हात आधीपेक्षा जोरात चालतो, कॉलेजच्या आधीच उरकलेली बरी." त्यांचा मुलगा बारा वर्षांचा आहे. घरी येऊन दोन तास झाले, तरी माझा संताप उतरलेला नाही.

ज्याचे नाव कोपराच्या या शस्त्रक्रियेला देऊन सगळे मोकळे झाले, त्या टॉमी जॉनची कारकीर्द तरी नीट पाहावी. १९७४ च्या जुलैत, त्या मोसमात १३ विजय आणि अवघे ३ पराभव अशा ऐन भरात, डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या या पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, डाव्या कोपरातले लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) तुटले. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि अशा दुखापतीनंतर पिचरचा खेळ संपलाच असे समजत. दुसरा मार्गच नव्हता, म्हणून डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. १९७५ चा अख्खा मोसम त्यात गेला.

गेल्या मे महिन्यात सामन्यानंतर माझा मुलगा गाडीत मागे बसून उजवे कोपर दाबत होता. पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडेना, तेव्हा त्याने बाटली गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने झाकण फिरवत राहिला. मला एक शब्द बोलला नाही.

टॉमी जॉन १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत, हे मान्य. पण तो वेगावर नव्हे, खाली बुडणाऱ्या चेंडूवर जगणारा पिचर होता, आणि त्याचे कोपर वाढत्या वयातले नव्हते.

लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पिचची, म्हणजे फलंदाजाकडे फेकलेल्या चेंडूंची, मर्यादा आहे, आणि ६६ च्या वर गेल्यास चार दिवस विश्रांती. नियम चांगलाच आहे. मात्र शनिवारी एका संघाकडून आणि रविवारी बाहेरच्या दुसऱ्या संघाकडून खेळणाऱ्या मुलाचे पिच एकत्र मोजणार कोण? आमच्या घरी ते कोणीच मोजले नाहीत, आणि दोन्ही अर्जांवर सही माझीच होती. ती बाटली आठवली की अजून पोटात कालवते.

त्या वडिलांचेही मुलावर प्रेम आहे, हे मला दिसते. आज मी गप्प राहिले. गुरुवारच्या सरावाला भेटतील, तेव्हा त्यांना बाटलीची गोष्ट सांगणार आहे.