हवी तेवढी गरम हवा

आमच्या घरात केसांचा ड्रायर एकच आणि तो बायकोचा, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

चवथ आठ दिवसांवर आलेली आणि मी पडवीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीच्या, एलईडी माळा जोडत बसलेलो. वर्कशॉप म्हणजे एक टेबल, एक व्हाइस आणि "फेकू नको, लागेल कधीतरी" या वर्गातलं पन्नासेक किलो सामान. आता जोडावर काळी टेप गुंडाळली की झालं असं तुम्ही म्हणाल, पण तुम्ही गोव्यात, समुद्राकाठच्या मांद्र्याला राहत नाही. इथे टेप मे महिन्यात गोंद सोडते, जूनमध्ये सुटते आणि खाऱ्या हवेने आतली तांब्याची तार हिरवीगार होते, मग चवथीच्या दिवशी पाटावर गणपती आणि डोक्यावर अर्धी माळ बंद. म्हणून यंदा ठरवलं की श्रिंक स्लीव्ह लावायची. नळीसारखं प्लास्टिक असतं, जोडावर सरकवायचं, गरम केलं की आवळून बसतं. साधारण 90 ते 120 डिग्रीला आवळायला लागतं.

गरम कशाने करायचं? आधी लायटरने केलं, नळी काळी झाली. मग मेणबत्तीने केलं, नळी काळी झाली आणि अंगठाही. मग दुपारी बायको झोपलेली असताना ड्रायर आणला. ड्रायरचा वारा शंभरच्या आतबाहेर, तोही अगदी तोंडाशी, त्यामुळे मी नळी तोंडाला टेकवूनच धरली, बारीक नळ्या कुरकुरत आवळल्या आणि जाड्यांची वेळ आली तेव्हा आतला कटआऊट पडून ड्रायर बंद. थंड झाल्यावर चालू झाला पण प्लास्टिकच्या वासासकट, आणि संध्याकाळी न्हाऊन आलेल्या बायकोने तो केसांना लावल्यावर जे काय झालं ते इथे लिहित नाही.

"अहो, तुमच्यासाठी तुमचं काय ते आणा," एवढं मात्र छापण्यासारखं.

म्हणजे हीट गन, ड्रायरसारखीच पण त्याच्यापेक्षा कितीतरी गरम हवा सोडणारी. आता गावात कोणालाही विचारा हीट गन कुठली घ्यावी, प्रत्येकजण स्वतःचं काम सांगतो. पेंटर मामा म्हणाले 500 डिग्रीच्या खाली काय घेऊ नको, दरवाज्याचे जुने थर निघणार नाहीत, आणि जुन्या रंगात शिसं असतं म्हणून तोंडाला मास्क बांध. मला दरवाजा खरवडायचाच नव्हता. प्लंबरने पीव्हीसी पाईप कसा वळवायचा ते अर्धा तास शिकवलं, आत रेती ठासून भरायची म्हणजे वळताना चेपत नाही, छानच माहिती आहे, कोणाला पाईप वळवायचा असेल तर घ्या. गाड्यांना फिल्म लावणारा एकजण म्हणाला चपटं नोझल पाहिजेच. आणि मोबाईल रिपेअरवाला पोरगा म्हणाला, "अंकल, एवढ्याशा नळ्यांना गन कशाला, रीवर्क स्टेशन घ्या, आम्ही चिप काढायला वापरतो ते, 700 वॅट, बारीक तोंड, 100 पासून 480 पर्यंत कुठेपण सेट करा."

आज मागे वळून बघताना कळतं की एवढ्या लोकांत बरोबर बोलला तो एकटाच. पण त्याने मला अंकल म्हटलं, त्यामुळे त्याचा सल्ला तिथेच बाद.

चोपड्याचा पूल ओलांडून म्हापशाला गेलो, तेही शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, म्हणजे अक्कल घरी ठेवून. बायको पण सोबत आली, तिला मिरच्या आणि "जरा काय काय" घ्यायचं होतं. पार्किंग शोधण्यात पाऊण तास गेला, मग हार्डवेअरच्या दुकानात शिरलो.

"कितें जाय, बाब?"

मी हीट गन म्हटल्यावर त्याने काऊंटरवर तीन मांडल्या. पहिली दोन पायऱ्यांची, 300 आणि 500, बस. म्हणजे मला हव्या 120 आणि ही 300 पासूनच सुरू, चहा प्यायचाय आणि समोर फक्त ज्वालामुखी. दुसरी पण तशीच, फक्त तिचा रंग चांगला. तिसरीला पाठीमागे डायल, 50 ते 600, वर थंड हवेची पायरी वेगळी. मी म्हटलं वॅट किती? तो म्हणाला 2000, आणि असं म्हणाला की जणू मुलीकडच्यांना मुलाचा पगार सांगतोय. मी पण तसाच हरखलो.

इथे जरा थांबून एक सांगतो कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वॅट म्हणजे डिग्री नव्हे. 2000 वॅटचे ड्रायर पण मिळतात, त्यांनी डोकं भाजत नाही, कारण ते भसाभस हवा फेकतात आणि तीच उष्णता पुष्कळ हवेत वाटली जाते. गन मिनिटाला 300 ते 500 लिटर एवढीच हवा सोडते, म्हणून ती हवा तापते. तेव्हा बघायचा तो डायल, बाकी वॅट हे मिशांसारखे, दिसायला.

दुकानदाराने डेमो द्यायला वर्तमानपत्राचा तुकडा धरला, डायल पूर्ण फिरवला, आणि जाहिरातींचं पान आमच्यादेखत तपकिरी होऊन धुरायला लागलं. शुक्रवारची गर्दी थांबून बघायला लागली, त्यातला एकजण म्हणाला, "हाचेर बांगडो भाजतलो रे!" आणि एवढ्या लोकांसमोर आता मागे काय फिरणार, मी पैसे काढले.

घरी येऊन खोका उघडला तर आत चमच्यासारखं वाकलेलं एक नोझल. म्हटलं वाटेत चेपलं, ठेवून दिलं बाजूला. मग प्लग बघितला. जाड तीन पिनांचा, 16 अँपिअरचा. पडवीतला बोर्ड 6 चा.

कोपऱ्यावरून जाड प्लग बारीक सॉकेटात बसवायचा कन्व्हर्टर आणला, लावला, आणि गन सुरू झाली काय झोकात. 2000 भागिले 230 केलं तर पावणेनऊ अँपिअर होतात हे मी दहावीला मार्क मिळवून आलेला माणूस, पण गणित आणि उत्साह एका वेळी डोक्यात मावत नाहीत. पाच मिनिटांत पुढून माळ तापत होती आणि मागून बोर्ड. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, कायतरी करपतंय, आणि माझं नव्हे!"

आमच्या घरात 16 अँपिअरची दोनच सॉकेटं. एक गिझरचं, बाथरूममध्ये, ओल्यात. दुसरं बेडरूममधल्या एसीचं, ड्रेसिंग टेबलाच्या बाजूला.

तर रात्री दहा वाजता मी बायकोच्या ड्रेसिंग टेबलावर, टिकल्यांची पाकिटं एका बाजूला सारून, एसीचा प्लग काढून, हीट गन लावून बसलो. सुरुवातीला नळ्याच उडून गेल्या, दोन पलंगाखाली आणि एक पावडरच्या डब्यात. मग ते चेपलेलं नोझल लावून बघितलं आणि कळलं की ते वाकलेलंच असतं, हवा नळीच्या मागून वळून सगळीकडून लागावी म्हणून. आणि काय सांगू, डायल थोडासा फिरवला, नळी धरली, ती आधी जरा थरथरली, मग मधूनच बारीक झाली आणि ओल्या बनियनसारखी जोडाला चिकटली, दोन्ही टोकांतून आतला गोंद मोत्याएवढा बाहेर आला. मी ते दृश्य बघायला आणखी सहा जोड उगाचच केले.

"अहो, एसी कधी लावताय?"

"दोन मिनिटं." खरंच दोन मिनिटं, कारण गन तापलेली असताना एकदम बंद करायची नसते, थंड हवेवर चालवून मग बंद करायची, नाहीतर आतला एलिमेंट जातो. हे मी तिला समजावून सांगितलं. सप्टेंबरच्या उकाड्यात, पंख्याखाली, पदराने वारा घेत ती शांतपणे ऐकत होती, एवढी शांत की मी घाबरलो. मी म्हटलं अजून तेवीस जोड राहिलेत.

ती उठली, गनचा प्लग काढला, एसीचा लावला. मग कपाटातून एक नवाकोरा खोका काढला, नवीन ड्रायर, शुक्रवारी म्हापशातच घेतलेला, मी बांगडा भाजणारी गन बघत होतो तेव्हा. तो टेबलावर ठेवला आणि जुना, वासवाला, माझ्या हातात दिला.

"हा 6 अँपिअरवर चालतो. पडवीत जा."