‘फॉक्स आहे की आपल्याकडे!’

पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे सॅक्रामेंटोत आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. ताईचा फोन नेमका त्याच वेळी येतो. भाच्याची सीईटी झाली, निकाल लागायचाय, पण वहीच्या मागच्या पानावर कॉलेजांची यादी तयार आहे आणि तीनदा खोडूनही झाली आहे. वाद तोच, जो माझ्या वेळी होता. आधी ब्रँच बघायची की कॉलेज? सीओईपीत मेटलर्जी मिळाली तर घ्यायची, की कुठल्यातरी नव्या कॉलेजात कॉम्प्युटर? ताईचं म्हणणं, “कॉम्प्युटरच. मार्केटला लागतं तेच घ्यावं.” मागून भाऊजींचा आवाज, “चार वर्षांनी काय लागणार ते मामाला विचार.” भाचा गप्प.

मामा त्या वेळी दुसऱ्याच यादीत अडकलेला असतो. आमच्या गावची बास्केटबॉल टीम, सॅक्रामेंटो किंग्ज, यंदा पुन्हा तळाला गेली आहे आणि जूनमध्ये एनबीएचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट आहे. कॉलेजातून आलेल्या पोरांपैकी कुणाला घ्यायचं यावर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जे चालतं, ते ताईच्या वहीपेक्षा वेगळं नाही.

ज्यांना ड्राफ्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तीस संघ, दोन फेऱ्या, आणि जो जास्त हरला त्याला आधी निवडायची संधी. अगदी शेवटच्यालाच पहिला नंबर द्यायचा तर लोक मुद्दाम हरतात, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे चौदा चेंडू फिरवतात, हीच लॉटरी. २०१९ पासून तळाच्या तिघांना प्रत्येकी १४ टक्के संधी दिली गेली. तरी २०२५ मध्ये १.८ टक्केवाल्या डॅलसला पहिला नंबर लागला आणि ८२ पैकी जेमतेम १७ सामने जिंकलेलं युटा पाचव्यावर घसरलं. आपल्याकडे पहिला आलेला मुलगा आधी निवडतो. इथे, उठता-बसता स्पर्धेचं नाव घेणाऱ्या देशात, शेवटचा आलेला संघ आधी निवडतो आणि मुलाला कुणी विचारत नाही.

किंग्जचे मुख्य मालक विवेक रणदिवे, मूळचे मुंबईचे. २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळले, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर ‘आपला माणूस’ म्हणून दोन दिवस टाळ्या चालल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी इथे काय झालं होतं, ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.

२०१८. लॉटरीत सातव्या जागेवरून उडी मारून किंग्जना दुसरा नंबर लागला. समोर लुका डॉनचिच होता. वय एकोणीस, आणि रेआल माद्रिदकडून युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा जिंकून तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. किंग्जनी घेतला ड्यूक विद्यापीठातला मार्विन बॅगली. चेंडू हातात ठेवून खेळ चालवणारा डिआरन फॉक्स आपल्याकडे आहेच, आता उंच माणूस हवा, असा तेव्हा इथे सगळ्यांचा सूर होता. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी किंग्जच्या सामन्यांना गायीच्या गळ्यातली घंटा घेऊन जातो (लॉस एंजेलिसवाले आम्हाला गुरांचं गाव म्हणून हिणवायचे, त्याचं हे उत्तर, मला मात्र ती घंटा ऐकली की पोळाच आठवतो). तोही म्हणाला होता, “फॉक्स आहे की!” मीही मान डोलावली होती. बॅगली दुखापतींत अडकला आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटला गेला. डॉनचिच डॅलसला घेऊन २०२४ ची अंतिम फेरी खेळला, आणि आता लॉस एंजेलिस लेकर्सच्या कपड्यांत आमच्याच गावात येऊन आम्हाला धुतो.

२०२० मध्ये मात्र किंग्जनी शहाणपणा केला. टायरीस हॅलिबर्टनची नेम धरायची तऱ्हा विचित्र म्हणून तो घसरत घसरत बाराव्या नंबरपर्यंत आला होता. किंग्जनी ‘जागा कुठे आहे’ हे न विचारता त्याला घेतलं. सव्वा वर्षाने तोच प्रश्न पुन्हा दारात: फॉक्स आणि हा, एकाच धाटणीचे दोघे कशाला? हॅलिबर्टन इंडियानाला, बदल्यात उंचापुरा डॉमांटस सबोनिस इकडे. हॅलिबर्टनने २०२५ मध्ये इंडियानाला अंतिम फेरीत नेलं. आणि ज्याच्यासाठी एवढ्यांना वाट दाखवली, तो फॉक्स त्याच वर्षी फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला निघून गेला.

माझं म्हणणं एवढ्यावरच बेतलेलं आहे. संघाची गरज दोन वर्षं टिकते, खेळाडू दहा वर्षं खेळतो.

याला छेद देणारं उदाहरण माझ्याच घरात आहे, ते लपवत नाही. २०२२ मध्ये चौथ्या नंबरला लोक जेडन आयव्हीसाठी ओरडत होते. किंग्जनी आयोवाचा कीगन मरी घेतला, वयाने थोडा मोठा, पण लांबून नेम पक्का. पहिल्याच मोसमात त्याने २०६ तीन गुणी बास्केट मारून नवख्यांचा तेव्हाचा विक्रम केला आणि सोळा मोसमांनी किंग्ज प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, पोचले. मी रडलो होतो. पण तेव्हा फॉक्स आणि सबोनिस जागेवर होते. भिंती उभ्या होत्या, खिडकी बसवायची होती. आज भिंतच नाही, तर खिडकीचं माप कशाला घ्यायचं?

आता ऑफिसात चाललंय, “आपल्याकडे गार्डच नाही, म्हणजे गार्डच घ्या.” गार्ड म्हणजे फॉक्ससारखा, चेंडू हातात ठेवून खेळ चालवणारा. आर्कान्सॉचा डॅरियस एकफ किंवा ह्यूस्टनचा किंग्स्टन फ्लेमिंग्ज. दोघंही चांगले आहेत. पण ब्रिगम यंग विद्यापीठाचा एजे डिबान्सा, कॅन्ससचा डॅरिन पीटरसन, ड्यूकचा कॅमेरॉन बूझर यांच्यापैकी कुणी हाताशी असेल तर त्याच्यावरून नजर हलवू नये. पीटरसनचे दुखण्यामुळे सामने हुकले, तेवढं डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. बाकी ‘याची जागा कुठली’ हा प्रश्न पहिल्या दिवशी नको.

आपल्याकडे एमबीबीएस झालेल्या मुलांच्या ग्रामीण सेवेच्या बाँडवर वाद होतो, तेव्हा मी पूर्वी मुलांच्या बाजूने असायचो. हल्ली जरा गप्प बसतो. सॅक्रामेंटोत आपणहून कुणी तारा येत नाही. ड्राफ्टच्या बाँडवर येतो, आणि पुढेमागे फॉक्ससारखा जातो. दोन्ही बाजू दिसायला लागल्या की भांडायची मजा जाते.

हे सगळं मी ताईला सांगितलं, अर्थात बास्केटबॉल गाळून. मार्केटची गरज बदलेल, पोराचा कल बघ. तिने विचारलं, “कल म्हणजे काय रे? कसा बघायचा?”

इथे एकोणीस वर्षांच्या पोराला पारखायला प्रत्येक संघाची माणसं दोन-दोन वर्षं गावोगाव हिंडतात. हात किती लांब, फ्री थ्रो किती बसतात, चूक झाल्यावर तो बाकावर बसून काय करतो. माझ्या भाच्याला कुणी बघितलंय? तीन तासांची एक परीक्षा, संगणकावर.

“अभ्यास नसतो तेव्हा काय करतो तो?” मी विचारलं.

“मोबाइल.”

“मोबाइलवर काय?”

ताई जरा थांबली. मग म्हणाली, “थांब, विचारते,” आणि फोन ठेवला.