दंडाचे पैसे आणि दानधर्म

आमच्या डोंबिवली लोकलच्या ग्रुपवर पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय: ‘इस्लामिक बँका नफ्यातले अडीच टक्के गरिबांना देतात, म्हणून त्यांचा नफा वाढतो. 2008च्या मंदीची त्यांना झळ लागली नाही. आता मुंबईतही शाखा!’ पाठवणारे काका सज्जन आहेत, पण या मेसेजातलं एकही वाक्य धड उभं राहत नाही. (इस्लामिक बँका म्हणजे शरियतच्या, इस्लामी धर्मनियमांच्या, चौकटीत व्याज टाळून चालणाऱ्या बँका.)

मेसेजातले अडीच टक्के म्हणजे जकात, गरिबांसाठी काढायचा धार्मिक वाटा. ती नफ्यावर नसते. वर्षभर हाती राहिलेल्या मालमत्तेवर, चांद्रवर्षाला अडीच टक्के, असा तिचा हिशेब. ती बँकेनं भरायची की भागधारकांनी आपापली, हे देशोदेशी वेगळं. शिवाय ते धार्मिक कर्तव्य आहे. प्राप्तिकर भरला म्हणून आपण कुणाला दानशूर म्हणतो का?

खरी गोम पुढेच आहे. कर्जदाराचा हप्ता थकला तर अनेक इस्लामिक बँका दंड लावतात, पण तो उत्पन्नात धरत नाहीत. शरिया मंडळाच्या, म्हणजे बँकेचे व्यवहार धर्मनियमांत बसतात का ते पाहणाऱ्या जाणकारांच्या, नियमानं तो धर्मादाय खात्यात जातो. शरियतला न चालणारं उत्पन्न, म्हणजे दुसऱ्या बँकेकडून चुकून आलेलं व्याज वगैरे, त्याचीही वाट तीच. म्हणजे अहवालात दानाचा आकडा फुगलेला दिसला तर बँकेचं मन मोठं झालं असेल, किंवा नुसते हप्ते थकले असतील! हिशेब तपासण्यात माझे केस पांढरे झाले. दानाचा आकडा दिसला की मी आधी विचारतो, पैसे आले कुठून?

‘दानानं नफा वाढतो हे अभ्यासांनी सिद्ध झालंय’ असंही काका म्हणाले. त्यातले बरेच अभ्यास पैसे मोजतच नाहीत, वार्षिक अहवालात समाजकार्यावर काय काय लिहिलंय ते मोजतात. आखातातल्या सात बँकांचे अहवाल तपासणाऱ्या 2007च्या एका अभ्यासात आदर्श अपेक्षा आणि प्रत्यक्ष दिलेली माहिती यांत सहा बँकांची मोठी तफावत निघाली. आणि नफा आधी की दान आधी? आपल्या 2013च्या कंपनी कायद्यात तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला, म्हणजे नफा आधीच.

मंदीचं म्हणाल तर 2008मध्ये या बँका तुलनेनं सावरल्या, हे खरं. पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 2010च्या अभ्यासानुसार 2009मध्ये काही देशांत त्यांचा नफा इतर बँकांपेक्षा जास्त घसरला. जोखीम सांभाळण्यातल्या उणिवा त्याला कारण. त्याच 2009मध्ये दुबईत नखील या सरकारी बांधकाम कंपनीचे सुकूक, म्हणजे शरियतला चालणारे रोखे, फेडायला अबूधाबीला धावून यावं लागलं.

राहिली मुंबईची शाखा. इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेनं 2017मध्येच ठरवलं. दलाल स्ट्रीटवर 2010 साली शरिया निर्देशांक आला, पण ती शरियतला चालणाऱ्या शेअरांची यादी, बँक नव्हे. तेव्हा काका, या नावानं कुणी ठेव मागायला आलं तर आधी परवाना बघा.