प्रतिक्रियेला उत्तर: मॅनिफोल्डचा फेस घासला, गॅस्केट नवं घातलं, तरी एमजीबी टकटक का करते?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, आणि तिच्यातला एक आक्षेप शंभर टक्के खरा आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्याकडे १९७० ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, दोन एसयू एचएस४ कार्बोरेटरवाली. माझ्या लेखाप्रमाणे तुम्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीचा) फेस, म्हणजे इंजिनाला टेकणारी बाजू, मिलिंगवर सरळ करून घेतलात, मधे नवं गॅस्केट घातलंत, नट १५ फूट-पाउंड टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळलेत. तीनशे किलोमीटरच्या आत मधल्या पोर्टखाली (धुराच्या तोंडाखाली) काजळी दिसली आणि थंड इंजिनावर टकटक सुरू झाली. त्यावरून तुमचं म्हणणं असं की हा मोजमापांचा बाऊ फुकट आहे. ॲम्बेसेडरवर हात बसलेला मेकॅनिक सिलिकॉन लावून हेच काम तासाभरात करतो, टॉर्कचा आकडा पुस्तकी आहे आणि टकटक टॅपेटचीच (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) असावी.

आधी माझी चूक, म्हणजे तुमचा खरा आक्षेप: माझ्या लेखाप्रमाणे करूनही काम टिकलं नाही. वाकलेला मॅनिफोल्ड घासून घ्या, असं मी लिहिलं. घासल्यावर इनलेट मॅनिफोल्डच्या (पेट्रोल-हवेचं मिश्रण आत नेणाऱ्या नळीच्या) फ्लँजची, म्हणजे इंजिनावर आवळल्या जाणाऱ्या कडेची, जाडी त्याच्याशी पुन्हा जुळवावी लागते, हे लिहिलं नाही. तुमचं गॅस्केट बहुधा त्यामुळेच गेलं आहे, आणि ते मधल्या पोर्टवरच का गेलं याचं कारणही तिथेच आहे.

एमजीबीच्या १७९८ सीसी बी-सीरीज इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) एकाच बाजूला आहेत. हेडवर एका रांगेत पाच तोंडं: एक्झॉस्ट, इनलेट, एक्झॉस्ट, इनलेट, एक्झॉस्ट. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र एक्झॉस्ट, दुसऱ्या-तिसऱ्याला मिळून मधलं एक. इनलेटचं एक तोंड १-२ ला, दुसरं ३-४ ला. या पाचही तोंडांना मिळून एकच लांब गॅस्केट आणि दोन्ही मॅनिफोल्डना मिळून फक्त सहा स्टड (हेडमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे). दोन टोकांचे स्टड एकट्या एक्झॉस्टला धरतात. मधले चार स्टड मात्र दोन फ्लँजच्या सांध्यात येतात. त्यांच्यावरचा मोठा जाड वॉशर अर्धा एक्झॉस्टच्या कानावर बसतो, अर्धा इनलेटच्या.

आता त्या वॉशरकडे नीट पाहा. दोन्ही फ्लँज सारख्या जाडीचे असतील तर नटाचा ताण दोघांत वाटला जातो. एक फ्लँज जाड असेल तर वॉशर त्याच्या कडेवर टेकतो, तिरका होतो, आणि पातळ फ्लँजवर नुसता नावाला उरतो. मिलिंगवाल्याने एक्झॉस्टच्या गॅस्केटकडच्या फेसवरून समजा ०.४ मिमी काढले, म्हणजे साधारण १६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर तो फ्लँज तेवढाच पातळ झाला. इनलेटला हात लागलेला नाही. आता चारही वॉशर इनलेटवर टेकणार. टोकाच्या दोन एक्झॉस्ट पोर्टना निदान एकेक हक्काचा स्टड आहे. मधल्या पोर्टला दोन्ही बाजूंनी सामायिक वॉशरच आहेत आणि दोन सिलिंडरांचा गरम धूर तिथूनच जातो. त्यामुळे गळती तिथेच सुरू होते. तुम्ही टॉर्क बरोबरच दिलात, पण तो एक्झॉस्टपर्यंत पोचला नाही.

याची खात्री दहा मिनिटांत होते. मॅनिफोल्ड उतरवल्यावर चारही मोठ्या वॉशरांच्या खालच्या बाजूला दाबाची खूण पाहा. चकाकी एकाच अर्ध्या चंद्रावर असेल तर दुखणं हेच. मग वॉशर जिथे बसतो तिथली फ्लँजची जाडी व्हर्नियरने मोजा, चारही जागी इनलेट आणि एक्झॉस्ट अशी आठ मापं. मायक्रोमीटर असेल तर अधिक चांगलं. मी ०.१ मिमीपर्यंतचा फरक चालवून घेतो, त्यापुढे नाही. गॅस्केटला हा फरक पचेल असं वाटतं, पण ते दाबलंच जातं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शांत. ०.४ मिमी त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

तुमच्या बाबतीत उपाय सोपा आहे. इनलेट मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आहे, त्याच्या गॅस्केटकडच्या फेसवरून तेवढाच माल काढून घ्या. कार्बोरेटर अर्धा मिमी आत सरकल्याने काही बिघडत नाही. यंत्रावाल्याला “फेस मारून द्या” एवढंच सांगू नका. “या कानाची जाडी इतकी हवी” असं माप कागदावर लिहून द्या आणि दोन्ही मॅनिफोल्ड एकदमच न्या. दुसरा मार्ग म्हणजे वॉशरच्या अर्ध्या भागाला फरकाइतकी पायरी काढणं. तेही चालतं, पण प्रत्येक वॉशर त्याच्याच जागी आणि त्याच दिशेने बसवावा लागतो, आणि पुढच्या वेळी काम करणाऱ्याला ते ठाऊक नसतं. म्हणून मला पहिला मार्ग पसंत आहे. जे ओतीव मॅनिफोल्ड काढून पाइपांचे स्टील हेडर बसवतात त्यांनाही हाच त्रास होतो, कारण हेडरच्या पट्टीची जाडी मूळ इनलेटशी क्वचितच जुळते. आणि दोष मात्र गॅस्केटच्या कंपनीला दिला जातो.

आता सिलिकॉन. ॲम्बेसेडरच्या मेकॅनिकबद्दल तुम्ही लिहिलंत त्यात तथ्य आहे. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच बी-सीरीज घराण्यातलं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोघांचा एकच, ८८.९ मिमी, बोअर (सिलिंडरचा व्यास) तिथे ७३ मिमी, एमजीबीत ८०.२६. ज्याने आयुष्यभर ती इंजिनं उघडली आहेत त्याचा हात इथे खात्रीने उपयोगी पडतो आणि असा माणूस मिळत असेल तर सोडू नका. फक्त ट्यूब बाजूला ठेवायला सांगा. लाल सिलिकॉनचीही सहनशक्ती तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास संपते आणि चढावर ओढणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट फ्लँज त्याच्या पुढे जातो. सिलिकॉन जळून पूड होतं, आणि ते जिथे होतं तितकी फट उरते. इनलेटच्या बाजूला वेगळं संकट: पेट्रोल लागून सिलिकॉन फुगतं, मऊ होतं, त्याचे लोळे पोर्टमध्ये ओढले जातात. तिसरी गोष्ट कमी बोलली जाते. ओतीव मॅनिफोल्ड तापल्यावर लांबीत वाढतो आणि गॅस्केटवरून किंचित सरकतो. त्याला सरकता आलं पाहिजे. चिकटवून टाकलात तर गॅस्केटचा थर फाटतो. याच कारणासाठी मॅनिफोल्डची स्टडची भोकं कार्बन आणि गंज काढून मोकळी करा, नाहीतर तो स्टडवर अडतो आणि पुढे तडकतो. गॅस्केट दोन्ही बाजूंनी कोरडंच बसवायचं. बारीक छिद्रांच्या पत्र्याचं असेल तर पत्र्याची बाजू मॅनिफोल्डकडे.

जुनं गॅस्केट खरवडताना एक विनंती, आणि ही मनापासून: ते कोरडं घासू नका, हवाही मारू नका. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाणी फवारून ओलं करा, प्लॅस्टिक किंवा पितळेच्या पट्टीने काढा, चोथा पिशवीत बांधून टाका.

टॉर्कचा आकडा पुस्तकातला आहे हे खरं, पण त्यामागे कारण आहे. स्टड ५/१६ इंची, नट पितळी. १५ फूट-पाउंड म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. हाताला हे फारच कमी वाटतं, म्हणून अंदाजाने आवळणारा दुप्पट पिळतो आणि पितळेचे आटे जातात, किंवा ओतीव कान फुटतो. पितळी नट मुद्दाम दिलेले आहेत, कारण ते स्टीलच्या स्टडला गंजून चिकटत नाहीत. त्यांच्या जागी स्टीलचे घालून जास्त आवळण्यात शहाणपण नाही. आट्यांना कॉपर ग्रीस लावत असाल तर तोच आकडा स्टडवर जास्त ताण आणतो. तेव्हा १२-१३ वर थांबा. मधल्या दोन नटांपासून बाहेरच्या बाजूला जात ५, १०, १५ अशा तीन फेऱ्या मारा. इंजिन एकदा पूर्ण तापवून रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पुन्हा १५ वर पाहा. गॅस्केट बसल्यामुळे नट थोडे फिरतीलच. दीड-दोनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. गरम असताना आवळू नये.

पान्याचंही सांगतो. या नटांना १/२ इंची, म्हणजे चार सुताचा पाना लागतो, १२.७ मिमी. तेरा नंबर लागतोसा वाटतो, पण त्या ०.३ मिमीच्या ढिलाईत पितळेचे कोपरे गोल होतात. एकदा गोल झालेला नट खालून, डाउनपाइपच्या (मॅनिफोल्डमधून खाली जाणाऱ्या पाइपच्या) आडून काढणं फार कष्टाचं आहे.

स्टड तुटला तर हेडकडची आटी ५/१६ यूएनसी (जाड धाग्यांची) असते, इंचाला १८ धागे. नटाकडची यूएनएफ (बारीक धाग्यांची), २४ धागे. आधी गेज लावून पाहा. आपल्याकडे बहुतेक दुकानात एम८ चा स्टड हातात मिळतो. तो दोन-तीन फेरे आत जातो आणि अडकतो, कारण त्याचा पिच (दोन धाग्यांमधलं अंतर) १.२५ मिमी आहे आणि याचा १.४१. तिथे जोर लावला की हेडची आटी गेलीच. तुटका बुंधा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करा, थोडं निवू द्या, मग पुढे-मागे हलवत काढा. आत तुटला असेल तर नेमका मध्य पंच करून लहान ड्रिलपासून चढत ६.५ मिमीपर्यंत जा आणि मग यूएनसी टॅप. हाताने, घाई न करता.

डाउनपाइपबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी तुमच्या गाडीत तपासा. सहा नट, दोन गॅस्केट. ते काढताना गिअरबॉक्सजवळचा पाइपचा ब्रॅकेट सैल केला होता का? जोडताना क्रम असा: आधी हेडवरचे नट, मग डाउनपाइप, शेवटी ब्रॅकेट. ब्रॅकेट आधीच घट्ट असेल तर अख्खा सायलेन्सर मॅनिफोल्डला खाली ओढत राहतो, आणि फेस कितीही सरळ असला तरी खालची कड उघडते.

राहिली टॅपेटची शंका. ती योग्य आहे, कारण दोन्ही आवाज जवळचे. थंड इंजिनावर टॅपेटचं अंतर ०.०१५ इंच आहे का ते फीलर गेजने पाहून घ्या, म्हणजे तो प्रश्न मिटला. एक्झॉस्टची टकटक थंड असताना आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढते, लोखंड तापून फुगलं की दबते. टॅपेट तसा दबत नाही. आणि काजळी टॅपेट करत नाही, ती तुम्हाला दिसलेलीच आहे. शंका उरलीच तर इंजिन बंद आणि थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या तोंडाने सायलेन्सरमध्ये हवा सोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. इनलेटसाठी इंजिन चालू ठेवून सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरे. गळती असेल तर आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाचा वेग) बदलतो. काही जण तिथे कार्ब क्लीनर मारतात. एक्झॉस्ट दोन बोटांवर आहे, कृपया करू नका. इनलेटच्या एका तोंडावर हवा खेचली जात असेल तर १-२ किंवा ३-४ अशी प्लगची जोडी पांढरट दिसते. ही खूण दुर्लक्षू नका, कारण पातळ मिश्रणावर चालून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात आणि मग हेड उतरवण्याशिवाय गत्यंतर नसतं.

मूळ लेखात फेस घासण्याच्या परिच्छेदाखाली जाडी जुळवण्याची दुरुस्ती आजच जोडतो आहे. तुमची आठ मापं इथे लिहा. इनलेटवरून किती काढायचं ते आकडे पाहून सांगतो. तोपर्यंत नवं गॅस्केट घालू नका, आणि आहे ते नट आणखी पिळूही नका.