आमिष आणि नवं पातेलं

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धर्मांतरबंदी कायद्यावरून परवा पुन्हा जुंपली. एकानं लिहिलं, 'तुम्हा लोकांची मदत म्हणजे आमिष.' मी ख्रिस्ती, मिरजेचा, गेली अकरा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला. उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. चार ओळींत मावणारं नव्हतं.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ च्या वर. सांगलीच्या गावभागातलं एक कुटुंब आमच्याकडे आलं. ओळख एवढीच, की त्यांचा मुलगा माझ्या भावाच्या ऑफिसात. काकू सोवळ्याओवळ्याच्या. आईनं बाजारातून नवं पातेलं आणि पळी आणली, ओटा घासून त्यांच्या ताब्यात दिला आणि घरात अंडंसुद्धा येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी आमच्याच कुकरात वरणभात लावला आणि आईला म्हणाल्या, "बसा हो आता जेवायला, किती उठबस कराल!" ते नवं पातेलं अजून माळ्यावर पडून आहे. आमिष कुणी कुणाला दाखवलं, मित्रानंच सांगावं.

त्याचं सगळंच चूक, असंही नाही. धान्याच्या पिशवीत पत्रक सरकवणारे आमच्यात आहेत. मी पाहिलेत, आणि मला लाज वाटली आहे. 'चिंता करू नका' हे वचन आमच्या घराघरात कॅलेंडरवर असतं. ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ज्या सहाव्या अध्यायातलं, त्याची सुरुवात मात्र दानधर्माचा गाजावाजा करू नका, इथून होते. तो भाग छापायचं आम्हाला सुचत नाही. पण पत्रक आणि पातेलं यांतला फरक ठरवणार कोण, चौकीतला हवालदार? डॉ. वॉन्लेसनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात उपचार घेऊन किती पिढ्या आपापल्या देवघरासमोर परत गेल्या.

इथे जर्मनीत दान पगारातूनच कापलं जातं. चर्चच्या दप्तरी नाव असलं, की आमच्या राज्यात प्राप्तिकराच्या ८ टक्के चर्च-कर. आजारपण, म्हातारपण, बेकारी, सगळ्याला विमा. ही व्यवस्था आपल्याकडे उद्या आली तर मी पेढे वाटीन. शेजार मात्र दारावरच्या पाटीपुरता. जिना झाडायची पाळी आली, की 'केरवोखे'ची, म्हणजे झाडलोटीच्या आठवड्याची, पाटी आपल्या दाराला लटकते. (त्यांचाही 'केर'च, याची मला अजून गंमत वाटते.) समोरच्या आजींशी सहा वर्षांत त्या पाटीपलीकडे बोलणं नाही. त्या बोलल्या नाहीत, मीही नाही. मग रात्री दोनला डोळे टक्क उघडे. भाऊ पुण्याला गेलेला, आई मिरजेत एकटी, आणि या काळजीचा हप्ता कुठल्याच कंपनीकडे भरता येत नाही.

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली. काकू सांगलीहून रोज सकाळी आठला तिला फोन करतात. त्या दिवशी दोनदा वाजून तो बंद झाला, तसं त्यांनी मुलाला स्कूटरवर पिटाळलं. शेजारून किल्ली घेऊन तो आत शिरला. मनगट मोडलं होतं, बाकी धडधाकट. मला कळलं ते प्लास्टर चढल्यावर.

आठचा फोन अजून चालू आहे. उन्हाळ्यात तेव्हा इथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. हल्ली मी त्या वेळी झोपेत असतो.