बजेट ३० हजार, रोजची एसटी आणि लॅपटॉप

गेल्या महिनाभरात चार जणांनी विचारलं, कॉलेजच्या मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, पोराला घ्यायचाय, बजेट ३० हजाराच्या आसपास, हलका पाहिजे आणि टिकला पाहिजे, कुठला घेऊ? प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. माझं दुकान वगैरे काही नाही. अठरा वर्षं डीटीपीचं काम करतोय, दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर जातात, आणि गेल्या वर्षी भाचीसाठी लॅपटॉप शोधताना जे बघितलं त्यावरून माझं मत पक्कं झालंय. पैसे कमी असतील तर शोरूममधला सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप घेऊ नका. कंपन्यांमधे वापरलेला बिझनेस सिरीजचा जुना घ्या, नीट तपासून घ्या आणि वाचलेल्या पैशात त्याला नवी बॅटरी टाका.

भाची तासगावची, सांगलीला बीसीए करते, रोज एसटीने येजा. पहिल्या वर्षाला ताईची भिशी लागली तसा तिने ओळखीच्या दुकानातनं नवा कोरा लॅपटॉप घेऊन दिला, २४ हजाराचा. घरात पेढे वाटले होते. दिवाळीला मी गेलो तेव्हा पोरगी म्हणाली मामा जरा बघ ना, फार हळू चालतो. तिने बटण दाबलं, आम्ही स्वयंपाकघरात जाऊन चहा घेऊन आलो तरी ते गोल फिरतंच होतं. शेवटी उघडला तर सी ड्राइव्हची पट्टी पूर्ण लाल, ५८ जीबीपैकी दीड जीबी शिल्लक, आणि तिने त्यात एक सिनेमा की एक गाणं ठेवलेलं नव्हतं, नुसतं विंडोज आणि कॉलेजचं सामान. कोपऱ्यात अपडेट अडकलेलं, जागा नाही म्हणून पुढे सरकत नाही.

आत काय होतं सांगतो म्हणजे तुम्ही दुकानात गेल्यावर ओळखाल. सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, म्हणजे दोनच कोअर (प्रोसेसरमधे काम करणारे भाग). ४ जीबी रॅम, ती पण बोर्डावर सोल्डर केलेली, वाढवता येत नाही. आणि ६४ जीबी ईएमएमसी, जी साध्या फोनमधे असते तसली मेमरी, तीही बोर्डावरच बसवलेली. बाहेरून एकदम चकाचक, पातळ, खोक्यावर मोठमोठे स्टिकर. पण यातलं काहीच उद्या बदलता येत नाही. ताईने वर्षभर भिशी भरली होती त्यासाठी. मला त्या दिवशी खरंच फार वाईट वाटलं, कारण दुकानदाराने खोटं काही सांगितलं नव्हतं, फक्त जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही.

तर दुसरी खेप. मे महिन्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडे डोंबिवलीला आली होती, ताईने पुन्हा जमवून ३० हजार दिलेले, आणि मी ठरवलं की यावेळी एक रुपया चुकीच्या जागी जाऊ द्यायचा नाही. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, दोन दिवस फिरलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप एकगठ्ठा बदलतात आणि ते जुने लॅपटॉप साफसफाई करून बाजारात येतात. लेनोव्होची थिंकपॅड टी सिरीज, डेलचा लॅटिट्यूड ७०००, एचपीचा एलिटबुक ८४० हे त्यातले नेहमी दिसणारे. हे नवे होते तेव्हा लाखाच्या घरातले, म्हणून बिजागरी, कीबोर्ड, बॉडी सगळं मजबूत. आणि उघडायला सोपे, खालचं झाकण काढलं की एसएसडी (सगळं साठवायची वेगवान डिस्क), बॅटरी, पंखा समोर, बऱ्याच मॉडेलात रॅम पण.

पण इथे एक रेघ मारून ठेवा. इंटेलच्या प्रोसेसरची आठवी जनरेशन (पिढी) किंवा त्यापुढचंच घ्यायचं, त्याच्या खालचं कितीही स्वस्त मिळालं तरी नाही. याला दोन कारणं. एक, विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरं, सातव्या जनरेशनच्या आय५-७२००यू मधे दोन कोअर होते, आठव्याच्या आय५-८२५०यू मधे एकदम चार झाले, हा फरक रोजच्या वापरात जाणवतो. बाजारात “आय७ फक्त १५ हजार” असे बोर्ड दिसतात, जवळ जाऊन विचारा कितवी जनरेशन, चौथी-पाचवी निघते. आय५, आय७ या नुसत्या नावाला काही अर्थ नाही, त्यापुढचा आकडा वाचायला शिका. ८ ने सुरू झाला तर आठवी. नव्या लॅपटॉपमधे पण हेच. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर नावावरून नवाकोरा वाटतो पण आतली रचना झेन २ म्हणजे २०१९ सालची आहे. ७ ने सुरू होणाऱ्या या रायझन आकड्यांत तिसरा अंक बघायचा, २ असेल तर झेन २, ४ असेल तर झेन ४.

आम्ही शेवटी दोन मॉडेलवर आलो, थिंकपॅड एक्स२८० आणि टी४८०. एक्स२८० म्हणजे साडेबारा इंची, सव्वा किलोच्या आसपास, हातात घेतला की वही घेतल्यासारखा. भाचीला तोच आवडला होता. पण त्यात रॅम सोल्डर केलेली आहे, आणि दुकानात होते ते सगळे ८ जीबीवाले, म्हणजे आज ८ घेतली की कायम ८. टी४८० चौदा इंची, पातळ बॅटरी लावली तर साधारण १ किलो ६०० ग्रॅम, रॅमचे दोन स्लॉट. मी तिला म्हटलं तू रोज एसटीत उभी राहून जातेस, ओझं तुझ्या खांद्यावर, तूच ठरव. तिने काय केलं, सॅकमधे पाण्याची बाटली, डबा, दोन जर्नल होतीच, त्यात आधी एक लॅपटॉप टाकून दुकानाबाहेर चार फेऱ्या मारल्या, मग दुसरा टाकून मारल्या. आल्यावर म्हणाली मामा, टी४८० चालेल, पण चार्जर फोनचा आणि याचा एकच होईल ना? होतो. टाइप सी आहे, ६५ वॉटचा एकच चार्जर दोन्हीला चालतो, त्यामुळे तो वेगळा मोठा अडॅप्टर न्यायची गरज उरत नाही. लॅपटॉपचं वजन विचारताना चार्जरचं वजन कोणी विचारत नाही, पण सॅकमधे ते पण असतंच.

आता तपासणी. घाई करू नका आणि दुकानदार कितीही “साहेब गॅरंटी आहे” म्हणाला तरी सगळं स्वतः बघा, चांगला दुकानदार बघू देतो.

आधी नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबायची, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. आम्हाला पहिल्या पीसमधे उजवीकडची शिफ्ट अर्धवट चालणारी सापडली. मराठी टाइप करणाऱ्याला शिफ्ट किती लागते ते वेगळं सांगायला नको, इन्स्क्रिप्टमधे ख, घ, थ, ध सगळे शिफ्टवर. तो पीस तिथेच बाजूला ठेवला. मग स्क्रीन. एकाच टी४८० नावाखाली १३६६ बाय ७६८ चा साधा टीएन पॅनल पण येतो आणि १९२० बाय १०८० चा आयपीएस पण, आणि वरून बघून कळत नाही. स्क्रीन मागे पुढे कलवा, रंग उलटेपालटे झाले, चेहरा निगेटिव्हसारखा दिसला तर टीएन. मी एक बातम्यांची मराठी साइट उघडून बारीक अक्षरातले रफार आणि अनुस्वार बघतो, ७६८ वाल्यावर ते भरून आल्यासारखे दिसतात. मुलं तासन् तास त्याच्यात वाचणार आहेत, इथे हजार-दीड हजार जास्त गेले तरी जाऊ द्या. पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर ठेवून पिवळट डाग, दाबाचे ठिपके बघा.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून powercfg /batteryreport (पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट) एवढं टाइप करायचं, एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. आमच्या पीसची मागची बॅटरी २४ पैकी ११ वॉट-अवरवर आली होती, म्हणजे निम्म्याच्या खाली. दुकानदाराला तो आकडा दाखवला आणि हजार रुपये कमी करून घेतले. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी, मागची बदलताना लॅपटॉप बंद पण करावा लागत नाही, आतली चालू ठेवते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक विसरतात. लॅपटॉप दुकानातच रिसेट करायला सांगा आणि सेटअपच्या वेळी तुमच्या फोनच्या नेटला जोडा. एखाद्या कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागितलं तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या खात्याला बांधलेला आहे, कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. बायोसमधे (विंडोजच्याही आधी उघडणारं लॅपटॉपचं मूळ सेटिंग) पण जाऊन बघा, पासवर्ड मागतोय का. बिल जीएसटीचं, त्यावर सिरीयल नंबर लिहिलेला, आणि दुकानाची वॉरंटी किती महिने ते बिलावरच लिहून घ्या.

हिशोब असा झाला. लॅपटॉप २१ हजार, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी धरून. वरची ८ जीबी रॅम १७००, मागची नवी बॅटरी ३२००, टाइप सी चार्जर १५००. २७,४०० मधे काम झालं, उरलेल्यातून चांगली पॅडवाली सॅक घेतली. पण हे त्या मे महिन्याचे भाव होते. २०२५ च्या शेवटापासून रॅम प्रचंड महाग झालीय, मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळलाय म्हणून, त्यामुळे आता घेणार असाल तर “नंतर वाढवू” म्हणू नका, १६ जीबी टाकलेलाच पीस मागा.

नवाच पाहिजे असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांचंही चूक नाही. गावात दुरुस्ती करणारं कोणी नसेल, वॉरंटीची चिंता असेल तर बाराव्या जनरेशनचा आय३-१२१५यू वाला नवा लॅपटॉप बघा, वेगात तो आठव्या जनरेशनच्या आय५ ला मागे टाकतो हे मी मान्य करतो. मात्र एक रॅम स्लॉट मोकळा आहे का ते विचारा, एसएसडी एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) आहे ना बघा, आणि बहुतेक मॉडेल १५.६ इंची आहेत ते सॅकमधे बसतंय का बघा. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंगसाठी मात्र हे दोन्ही नाहीत, तिथे बजेटच वेगळं लागतं.

सेलेरॉनवाल्या २४ हजाराच्या लॅपटॉपचं काय झालं असं भाचीच्या मैत्रिणी विचारतात. विकायला गेलो तर साडेचार हजार सांगितले, ताईला ते पटलं नाही. मग त्यातलं विंडोज काढून त्याजागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीईवालं, हलकं असतं ते. आता १९ जीबी भरलेलं आणि बाकी मोकळं. ताई त्यात लिब्रेऑफिस उघडून भिशीचा हिशोब ठेवते, बावीस बायकांची नावं मराठीत, कोणाचे आले कोणाचे राहिले, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मला व्हॉट्सअपवर त्या शीटचा फोटो पाठवते.