इव्होची किंमत आणि माझा खर्च : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझी गाडी विकण्याविषयीच्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. २०१० ची मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन एक्स, म्हणजेच इव्हो, ही वेगवान गाडी विकताना मी जाहिरातीत प्रत्येक बदल व दोष लिहिला, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारी नळी) बदलण्यावर घातलेले नऊ लाख रुपये किमतीत धरले नाहीत आणि शेवटी गाडी मूळ स्वरूपात आणून दिली. यामुळे इतर मालकांच्या गाड्यांचा भाव पडतो आणि गाडीतला जीवही जातो, असे आपले म्हणणे आहे.

त्या नऊ लाखांचा आनंद मी सात वर्षे घेतला आहे. घेणाऱ्याच्या वाट्याला तो आनंद येत नाही, त्यापायी झालेली झीज तेवढी येते, आणि ती रंग किंवा सीट पाहून कळत नाही.

माझे रिमॅप, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनच्या संगणकात केलेले बदल, पुण्यात डिसेंबरच्या थंडीत झाले होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा टर्बोने दाबलेली हवा ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमधूनही गरमच बाहेर पडते, सिलिंडरमधले उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच पेट घेते आणि त्या नॉकिंगचा मार पिस्टनवर बसतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगी उशिरा देऊन इंजिन सांभाळतो, पण दाब मुळातच वाढवलेला असेल तर त्यालाही मर्यादा पडतात. माझ्या गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतली हवा दाबून धरण्याची क्षमता, जी झिजेने घटते) इतर तिघांपेक्षा कमी आले होते. ट्विन क्लच एसएसटी या दोन क्लचच्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण त्यातले दोन्ही क्लच तेलात चालतात, टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) वाढला की प्लेटा घसरू लागतात, तेल तापते आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. वर्धा रोडवर दोन उन्हाळ्यांत मला तो चार वेळा दिसला. गाडी घेणारा तरुण वडिलांसोबत आला होता आणि पहिल्याच आठवड्यात समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाण्याचा त्याचा बेत होता : ५२० किलोमीटर काँक्रीट, १२० ची वेगमर्यादा आणि वर विदर्भाचे ऊन. हे सारे लपवून त्याच्या हाती चावी ठेवणे मला शक्य नव्हते. ऐकल्यावर त्याने ऐंशी हजार कमी केले आणि मी ते मान्य केले.

आता मूळ स्वरूपाविषयी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय २०१० च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५ मध्ये संपणार होती, म्हणजे नूतनीकरणाच्या तपासणीला त्या मुलालाच उभे राहावे लागले असते. मूळ टर्बो, एक्झॉस्ट आणि धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मी माळ्यावर गुंडाळून ठेवले होते, म्हणून हे जमले. काढलेले भाग मी रस्त्यावर न येता केवळ कोइम्बतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या एका गाडीसाठी दिले. ते काढले त्या दिवशी गॅरेजमध्ये मूळ एक्झॉस्टचा दबका आवाज ऐकून मलाही वाईट वाटले, त्यामुळे गाडीचा जीव गेल्याचे आपले दुःख मी समजू शकतो.

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून नोंदणीवरचे नाव बदलेपर्यंत मी आरटीओचा पाठपुरावा सोडला नाही, हा आपल्याला अतिरेक वाटला. कागदावर नाव जुन्या मालकाचे राहिले तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे.

आपल्या एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. ‘बदल केलेल्या गाड्या विकणारे सगळेच काही ना काही लपवतात’ असे मी मूळ लेखात लिहिले होते. बिले आणि कॉम्प्रेशनचे आकडे आपणहून पुढे ठेवणारे मालक मला स्वतःला भेटलेले असताना हे लिहिणे अन्यायाचे होते, आणि मी सात वर्षे बदललेली गाडी रस्त्यावर चालवली याचा उल्लेखही त्याच ठिकाणी व्हायला हवा होता. ते वाक्य मी आज काढले असून त्या जागी ही कबुली घातली आहे.